धवला उतरत नाही

गुरुवारी दुपारी सव्वाबारा वाजता मस्कतहून नाथाचा फोन आला, की इंटरनेटवरून धवला उतरत नाही. यादी उघडते, गाण्यांची नावं दिसतात, पण नावावर क्लिक केलं की पांढरं पान येतं आणि त्यावर काळ्या अक्षरांत इंटर्नल सर्व्हर एरर, पाचशे. "चार वेळा ट्राय केलं मालनताई," तो म्हणाला. "आईचं नाव दिसतं, माझं नाव दिसतं, आणि पुढं पाचशे. मी अधनंमधनं ट्राय करत राहतो. चारला हॉलवर निघायचंय, तोवर कॅसेटमध्ये भरून घ्यायला पायजे." मस्कतचे चार म्हणजे इथले साडेपाच. संध्याकाळी त्याची हळद होती. मग त्यानं विचारलं, "आई हाय का तिथं?"

आई तिथेच होती. ठाण्याला नौपाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कचेरीत, मालनच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन जनाबाई बसली होती. मालनची सख्खी आत्या. डोंबिवलीच्या खाडीअंगाच्या पाच-सहा गावांतली नावाजलेली धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, धवला, गाऊन लग्न लावणारी बाई. भटजीनं पोथी मिटली तरी चालायचं, जनाबाईनं तोंड मिटलेलं कोणाला चालत नसे. तिनं रिसीव्हर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. "जेवलास का रे? हलद लावून घे नीट, पाट सोडून उटू नको. गाना येतंय. मालन धारतेय." आणि रिसीव्हर परत देत मालनला म्हणाली, "काय बिगारलाय तुजा?"

काय बिघडलंय ते मालनला ठाऊक नव्हतं. पण त्या क्षणी तिला जे वाटलं त्यात भीतीबरोबर आणखी एक काहीतरी होतं, आणि ते आनंदाच्या इतकं जवळचं होतं की तिला जरा लाजच वाटली. गेल्या आठ महिन्यांत ही यादी उघडून कोणी फाइल मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. कचेरीचे मालक हरिहर प्रधान यांनी ग्रंथालयांसाठी, मंगल कार्यालयांसाठी, एका नाट्यसंस्थेसाठी वेबसाइटी करून दिल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा मजकूर, फोटो आणि फाइली ठेवायला मालननं स्वतः एक व्यवस्था लिहून काढली होती. आत मजकूर टाकला की पान आपोआप तयार, फाइल चढवली की यादीत आपोआप नाव. तिनं तिचं नाव मांडणी ठेवलं होतं, आजीच्या स्वयंपाकघरातली पितळी भांड्यांची मांडणी डोळ्यांपुढे आणून. त्याच मांडणीच्या एका कोपऱ्यात, प्रधानांना विचारून, तिनं आत्याचे धवले ठेवले होते. आणि आता कोणीतरी हात वर करून भांडं मागत होतं, आणि भांडं निघत नव्हतं.

तिनं स्वतःच्या मशीनवरून मागून पाहिलं. पाचशे. मग वाचनालयाची एक सूची मागून पाहिली, तीही पाचशे. म्हणजे रुसवा धवल्यावर नव्हता, उतरवण्याच्या वाटेवरच काहीतरी आडवं पडलं होतं. फाइल जागेवर होती, आकार बरोबर होता. परवानग्या बरोबर होत्या. डिस्क भरलेली नव्हती. हे सगळं सातासमुद्रापार अमेरिकेत कुठेतरी भाड्यानं घेतलेल्या मशीनवर होतं आणि ती नौपाड्यातून टेलिफोनच्या तारेवरून ते चाचपत होती, अंधारात हात घालून फळीवरचा डबा शोधावा तसं. बोटांना सगळं ओळखीचं लागत होतं. यातच तिला नेहमी सुख होतं आणि ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं होतं, त्यानं विचारलं होतं, "मग दिवसभरात झालं काय?" आणि खरोखर, झालं काय होतं? एका ठिकाणी स्वल्पविराम नव्हता, तो आला होता.

पहिला संशय साहजिकच सकाळच्या कामावर. सकाळी येताना आत्याला बरोबर आणलं होतं. नाथाला फाइल मिळाल्याचा फोन येईल तो आपल्या कानानं ऐकायचा, असा आत्याचा हट्ट. आल्या आल्या मालननं उतरवण्याचा प्रोग्रॅम उघडला होता. आधी फाइल उतरायची ती प्रोग्रॅमच्याच रुक्ष नावानं. तिला वाटलं, नाथाच्या मशीनवर ती त्याच्या नावानं जाऊन पडावी. त्यासाठी तिनं दोन ओळी बदलल्या. शेजारी आत्या पडद्याकडे बघत बसली होती. "ही सगली गान्याची लिवनी?" तिनं विचारलं. मालन म्हणाली, गाण्याची नाही, गाणं कोणी मागितलं तर ते काढून द्यायची. "मंग वर श्री लिवलास का? चांगल्या कामाची लिवनी हाय." मालन हसली आणि तिनं सगळ्यात वर, खुणेचं चिन्ह घालून, रोमन अक्षरांत श्री लिहिलं. ते चिन्ह असलेली ओळ माणसांसाठी असते, यंत्र ती वाचत नाही. तिथे बायका घरची वाणसामानाची आठवण लिहून ठेवतील तरी यंत्राला त्याचं काही नसतं. मग तिनं प्रोग्रॅम हातानं चालवून पाहिला, चालला, आणि दोघींनी चहा घेतला.

आता तिनं त्या दोन ओळी काढून जुन्या परत घातल्या. पाचशे. अख्खा प्रोग्रॅम नव्यानं चढवला. पाचशे. चुकांची नोंद उघडली. तिथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलेलं, की प्रोग्रॅमचं शीर्षक येण्याआधीच सगळं संपलं. वाक्याच्या शेजारी मागणाऱ्याचा पत्ता होता आणि पत्त्याच्या शेवटी ओमानची दोन अक्षरं. तो ठोठावत होता. एक ओळ म्हणजे दारावर एक थाप. मालन बघत असतानाच खाली आणखी एक ओळ येऊन बसली, आणि तिला एकदम नाथाचं बोट दिसलं, लहानपणी चिंबोरीनं चावलेलं, नख वाकडं वाढलेलं, माऊसवर.

"शीर्षक येण्याआधीच संपलं," तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं.

"काय संपला?" आत्या.

"काही नाही. इंग्लिशमध्ये लिहिलंय."

"इंग्लिशमदी मेला तरी मेलाच ना?"

प्रधान त्यांच्या टेबलावरून हसले. पन्नाशीचे, इस्त्रीचा बुशशर्ट, दसऱ्याला कचेरीतल्या मशीनला स्वतः कुंकू लावणारे आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच ओल्या फडक्यानं पुसून घेणारे गृहस्थ. ते उठून मालनच्या मागे येऊन उभे राहिले. "सरळ फाइलच उघड्यावर ठेवू या आणि त्याला नवा पत्ता देऊ," ते म्हणाले. मालननं मस्कतचा नंबर फिरवला. एंगेज. कचेरीत दोन लाइनी होत्या, नाथाच्या घरी एकच, आणि इंटरनेटवर बसला की फोन बंद. तो जोवर जुन्या पत्त्यावर ठोठावत होता तोवर त्याला नवा पत्ता सांगायची सोय नव्हती. "म्हणजे दुरुस्ती त्याच दारात व्हायला हवी," प्रधान म्हणाले. "करा. घाई करू नका, पण वेळ लावू नका." वीस वर्षांत त्यांनी यापेक्षा मोठं भाषण केलेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

गाणं पाठवण्याचे सोपे मार्ग आधीच करून झाले होते. आत्याचा पासपोर्ट आला पण व्हिसा वेळेत आला नाही. मुलीकडचे वीस वर्षं तिथले, नाथाला रजा नाही, तारीख हलणार नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "बरा झाला. थय एकच नवरा, हितं माझ्या नावावर तीन लग्नं." मग कॅसेट भरून ओळखीच्याबरोबर दिली, तर त्याची बॅग विमानानं भलत्याच विमानतळावर नेऊन ठेवली. ईमेलच्या पेटीत फाइल मावली नाही. बुधवारी आत्या फोनवरूनच गायला बसली होती, तर तिचाच आवाज तिकडून अर्ध्या मात्रेनं उशिरा परत यायला लागला. तिनं दोनदा थांबून ऐकलं, आणि रिसीव्हर खाली ठेवला. "माझ्या मागं मागं कोन बोलतंय ती? मी नाय गात तिच्यासंगं."

आणि हा धवला दुसरा कोणताही चालणार नव्हता. आत्या रिकाम्या मांडवासाठी गात नसे. मायक्रोफोनपुढे पहिल्यांदा बसवलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "कोनाची हलद?" कोणाचीच नाही म्हटल्यावर ती उठायला लागली. मग मालननं एकेका गाण्याला शेजारपाजारची खरीखुरी लग्नं शोधून दिली, आणि यादी अशी तयार झाली: राघोची हळद, गोदाचा चुडा, लक्ष्मीची पाठवण, आणि शेवटी नाथाची हळद. या शेवटच्या गाण्यात नाथाचं नाव होतं, आणि आत्याचं म्हणणं, नाव घेऊन गायलेला धवला ज्याचा त्याच्या कानात पडलाच पाहिजे, तो गाणारीच्या घरात राहता कामा नये. इतर धवलारणी असं काही मानत नसत. हे जनाबाईचंच होतं.

मालनला ते मान्य होतं, कारण तिचा स्वतःचा धवला तिच्या कानात पडला नव्हता. एक्याण्णव साली डोंबिवलीच्या हॉलमध्ये तिचं लग्न झालं. कॉलेजच्या मैत्रिणी पहिल्या रांगेत, आणि लाउडस्पीकरवाल्यानं सनईची कॅसेट लावून तो जेवायला गेला तो गेलाच. अक्षतांच्या गर्दीत तिला आत्याचे ओठ हलताना दिसत होते, मान डोलताना दिसत होती, गळ्याची शीर वर येताना दिसत होती, आणि ऐकू सनई येत होती. तिनं ओठांवरून ओळखायचा प्रयत्न केला. आपलं नाव कुठे येतं ते तिला कळलं, कारण तिथे 'म'ला ओठ मिटले. पुढे दोनेक महिन्यांनी सगळी खडवलीला नदीवर गेली होती. पुरुष आंघोळीला खाली, बायका खडकावर भाकऱ्या सोडत बसलेल्या, आणि आत्या एकाएकी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, मालनला हाताला धरून ओढत. "उबी ऱ्हा हितं. तुजा ऱ्हायलाय माझ्याकडं." आणि तिनं अख्खा धवला म्हटला, हळदीपासून पाठवणीपर्यंत, भर दुपारी, पाण्यात. पायाखालचे गोटे सरकत होते, पाणी गार होतं, नवरा पलीकडून ओरडत होता की भूक लागली, आणि मालनला वाटलं होतं, आपलं लग्न हे आत्ता लागतंय. त्यानंतर किती तरी दिवस ती कपडे धुताना, लिहिताना, रांगेत उभी असताना मधेच पायाचे तळवे गार झाल्यासारखी थबकायची. आत्ताही टेबलाखाली चपलेतून पाय काढून तिनं ते फरशीवर टेकवले होते.

फरशी गार होती. प्रोग्रॅम तिनं पुन्हा हातानं चालवला, या वेळी नाथाची फाइल मागून, आणि पडद्यावर धवला धावायला लागला. आवाज नव्हे, त्याची चिन्हं. चौकोन, हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम, ग्रीक अक्षरं, ओळींमागून ओळी, आणि मधेच कुठेतरी मशीनच्या पोटातून टुक, टुक असा आवाज.

"ही मी नव्हं," आत्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"तूच आहेस. तुझ्या आवाजाचं पीठ आहे हे."

"असा दिसतो?" आत्या पुढे वाकून बघायला लागली. तिला ते आवडलं असावं. "त्यो बदाम कंचा? नाथाचा नाव तो?"

मालन खदखदून हसली, आणि हसत असतानाच तिची नजर वर गेली, पीठ सुरू होण्याआधी आलेल्या एका ओळीवर. ती नेहमीचीच कुरकुर होती. हातानं चालवला की हा प्रोग्रॅम एक निरुपद्रवी तक्रार करायचा, की अमुक ओळीतल्या डब्यात काही घातलेलंच नाही. महिनोन्महिने ती येत होती आणि मालन ती वाचत नव्हती. रोजच्या वाटेवरच्या दुकानाची पाटी कोणी वाचतं का? पण पाटीवरचा आकडा बदलला तर पाय थांबतात. तक्रार कायम बाराव्या ओळीची असायची. आता ती तेरावीची होती.

सकाळच्या दोन ओळी तिनं बदलल्या होत्या, वाढवल्या नव्हत्या. आणि त्याही आता परत जुन्या केल्या होत्या. मग बारावीला तेरावी कोणी केली? वरून कोणीतरी सगळ्यांना एकेक घर खाली सरकवलं होतं. तिला हे कळलं तेव्हा ते शब्दांत कळलं नाही. अंगातून एक हलकी, गोड कळ गेली. पाटावर बसलेल्यांच्या पंगतीत उशिरा आलेल्या आवडत्या पाहुण्याला जागा करून देताना सगळी पंगत कशी सरकते, तसं काहीतरी दिसलं, आणि पंगतीच्या टोकाला श्री बसलेले.

यंत्र ती ओळ वाचत नाही, हे खरं होतं. पण मोजतं. प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळीत, दुसऱ्या कुठेही नाही, दुभाष्याचा, म्हणजे प्रोग्रॅम वाचून यंत्राला समजावणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पत्ता लिहिलेला असावा लागतो. बाहेरून कोणी फाइल मागितली की सर्व्हर पहिली ओळ बघतो, तिथल्या पत्त्यावरून दुभाष्याला बोलावतो आणि तो पुढचं सगळं वाचतो. पहिल्या ओळीत श्री आल्यावर पत्ता गेला दुसरीत. सर्व्हरनं पहिली ओळ पाहिली, पत्ता मिळाला नाही, त्यानं हात झटकले. आणि हातानं चालवताना मालन दुभाष्याला स्वतःच हाक मारत होती, पत्त्याची गरजच पडत नव्हती. म्हणून तिच्यासमोर सगळं ठीक आणि जगासमोर पाचशे. इतकी साधी गोष्ट. हा नियम ती नव्या मुलांना शिकवायची. आणि तरी श्री लिहिताना तिला तो आठवला नव्हता, कारण श्री लिहिणं हे लिहिण्यात धरलंच जात नाही. पाटीवर, वहीवर, परीक्षेच्या पेपरावर, दुकानाच्या बिलावर, हात ते काढतो आणि मग माणूस लिहायला लागतो.

"सापडलं," ती म्हणाली.

प्रधान आले, वाकले, वाचलं आणि चष्मा काढला. "देवाला पहिला नंबर दिला म्हणून," ते म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. "काढून टाका ती ओळ."

मालननं ओळीच्या शेवटी बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं. काढायला काहीच लागत नव्हतं. पण शेजारी आत्या होती, आणि तिच्या सांगण्यावरून लिहिलेली ही एकच ओळ होती. बाकी सगळी लिखापढी मालनची आणि परक्या भाषेतली. शिवाय आत्याला वाटलं असतं, आपल्यामुळे. "आत्या," ती म्हणाली, "ते श्री आहे ना, ते पहिल्या ओळीत चालत नाही."

"मंग पयला कोन बसतंय थय?"

"दुभाष्याचा पत्ता."

आत्यानं विचार केला. मांडवात पहिला पाट कोणाचा यावरून तिनं आयुष्यात पुष्कळ भांडणं मिटवली होती. "पत्ता लागल्याबिगार घरात शिरंल कसा कोन? त्यांना बसव दुसऱ्या पाटावर," ती म्हणाली. "श्री काय नवऱ्याचा मामा हाय, रुसाला?"

या वेळी प्रधान मोठ्यानं हसले. मालननं दुभाष्याचा पत्ता वर नेला, श्री दुसऱ्या ओळीत आणले, आणि सकाळच्या दोन ओळीही परत घातल्या, धवला नाथाच्या नावानं उतरावा म्हणून. सेव्ह केलं. मग स्वतःच्या मशीनवरून वाचनालयाची सूची मागितली. उतरली. गोदाचा चुडा मागितला. छोटी खिडकी आली, त्यात निळी पट्टी आणि एका पानातून दुसऱ्या पानाकडे उडणारे कागद. ती पट्टी इतकी हळू सरकत होती की सरकताना दिसत नव्हती, मधे डोळे मिटून उघडले तर थोडी पुढे गेलेली दिसायची. मालन डोळे मिटत होती आणि उघडत होती. बाहेर रिक्षा वळत होत्या, खालच्या हॉटेलात बटाटेवड्यांचा घाणा चालू होता, आणि तिला वाटत होतं की आपण गुडघाभर पाण्यात उभ्या आहोत. चाचणीपुरतं पाहून तिनं ते मधेच थांबवलं. वाट नाथासाठी मोकळी ठेवली.

मग नोंद उघडली. ओमानच्या थापा होत्या, एकाखाली एक, सगळ्या पाचशेच्या. शेवटची थाप दुरुस्तीच्या थोडी आधीची. त्यानंतर ओमानहून काही नव्हतं. सर्व्हर नोंद करतो ती काम पुरं झाल्यावर. फाइल वाटेत असताना तो काही लिहीत नाही. म्हणजे नाथा आत्ता धवला उतरवून घेत असेल, तर नोंदीत काही दिसणार नाही. आणि कंटाळून उठून हॉलवर गेला असेल, तरीही नोंदीत काही दिसणार नाही. तिनं हे प्रधानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग फोन करा."

मालननं मस्कत लावलं. एंगेज. रिसीव्हर खाली ठेवला, पुन्हा लावलं. एंगेज. कोणी घरातला बोलत असेल. किंवा लाइन इंटरनेटवर असेल. दुपारी हाच आवाज ऐकून तिचा जीव खालीवर झाला होता, आणि आता तो थांबू नये असं तिला वाटत होतं.

"बघू, मना दे," आत्या म्हणाली. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरला आणि ऐकत राहिली. टूं, टूं, टूं. तिची मान आधी बारीक हलली, मग बोटं खुर्चीच्या हातावर पडायला लागली, एकाआड एक टूंवर. "ही मागं मागं नाय बोलत," ती म्हणाली. "ठेक्यात हाय." आणि तिनं अगदी खालच्या सुरात, रिसीव्हरातच, नाथाची हळद सुरू केली. प्रधान आपल्या टेबलाकडे जायला निघाले होते, ते मधेच उभे राहिले. मालननं आत्याच्या ओठांकडे पाहिलं नाही, तिनं ऐकलं. पाट आला, पाटाखाली तांदळाची नक्षी आली, पाच सवाष्णी आल्या, हळदीची वाटी आली, आणि मग मालनच्या धवल्यात जिथे ओठ मिटले होते तिथे नाथाचं नाव आलं.

तिनं नोंद पुन्हा उघडून पाहिली. नवी ओळ नव्हती. इथले चार वाजायला आले होते, आणि मस्कतचा फोन अजून एंगेज लागत होता.